हाताआधी सरकणारी पट्टी

१

उन्हाळ्याचे दोन महिने लोटनच्या दुकानात कूलरचे पंप सोडून दुसरं काही येत नसे. रेडिओ खरखरला तरी लोक तसाच ऐकतात, टीव्हीवर मुंग्या आल्या तर बाजूला एक थाप मारतात; पण पंप बसला की भर उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळून धावत येतात. जळगावच्या उन्हापुढे कोणाची मिजास चालत नाही. लोटन मात्र दुपार चढली की शटर ओढून मेहरूणला घरी जाई, जेवे आणि पुढच्या खोलीत कूलरसमोर सतरंजी टाकून ऊन उतरेपर्यंत आडवा होई. मग कलेक्टर जरी दारात आला तरी तो उठायचा नाही.

एका दुपारी ताटात भाकरी वाढता वाढता त्याची आई, धुरपदाबाई, म्हणाली, "कुंदा म्हनस, ती पेटीले बटन बसाडी दे."

बोलणं कुंदाचं होतं, तोंड आईचं. कुंदा ही धाकट्या भावाची, अभिमनची, बायको. शिंदखेड्याची, दहावीपर्यंत शिकलेली. सुनेने जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून तिला जे सांगायचं ते ती सासूला किंवा भिंतीला सांगे आणि लोटनने ते आपल्या कानांनी उचलून घ्यायचं.

पेटी म्हणजे व्हिडिओ गेमचं खोकं. माणसाच्या उंचीचं, प्लायवूडचं. आत टीव्हीची नळी, छातीशी एक आडवा फळा आणि फळ्यावर फिरवायचा नॉब. पडद्यावर वरच्या अंगाला विटांच्या रांगा, तळाशी एक पट्टी. नॉब फिरवून पट्टी सरकवायची, चेंडू परतवायचा आणि विटा फोडायच्या. अभिमन हे खोकं टेम्पोत घालून जत्रा फिरायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याचा नॉब कंट्रोलसकट मोडला. पिंपळनेरला एका ओळखीच्याकडे असंच खोकं भंगारात पडलंय, त्याचा काढून आणतो, म्हणून तो गेला. परतीच्या एस.टी.त त्याची पिशवी जळगावला पोचली, तो पोचला नाही. पोलीस झाले, भगत झाले, पेपरात फोटो झाला. पिशवीत नॉब नव्हता.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरून त्यांना पाणी द्यायचं, हे खानदेशात घरोघर चालतं. लोटनचे वडील, भाईदासनाना, हट्टाला पेटले होते. "वरीस उलटी गयं," ते म्हणत. "पोऱ्यानी घागर भरनी पडी."

घागर भरली की अभिमन मेला, हे घराने कबूल केलं. म्हणजे कुंदाचं कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. आणि भरली नाही, तर नाना भरल्या डोळ्यांनी विचारत, "मना पोऱ्याले पानी कोन दी?" घरातला सगळा तंटा एवढाच होता आणि तो कोणाला सुटत नव्हता.

अशा वेळी हिला खेळ सुचतोय, असं लोटनच्या मनात आलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली. मागच्या खोलीत ती वर्षभर त्या बंद खोक्यासोबत दिवस काढत होती. चालू झालं तर तेवढाच तिचा जीव रमेल.

२

काम सोपं होतं. रेडिओचा आवाज कमीजास्त करायला आत जो कंट्रोल असतो, तोच इथे लागतो. त्याला तीन पाय. कडेच्या दोन पायांना वीज, आणि दांडी किती वळली ते मधला पाय सांगतो; त्याच्या सांगण्यावर पट्टी सरकते. लोटनने दुकानातला नवा कंट्रोल आणला, फळ्याच्या भोकात बसवला, मागची फळी काढून तीन तारांना सोल्डर मारलं आणि दांडीवर एका जुन्या रेडिओचा चॉकलेटी नॉब दाबून बसवला. आई दारात गहू निवडत बसली होती. कुंदा तिच्यामागे पदर पुढे ओढून उभी.

स्विच दाबला. नळी हळूहळू तापली, विटा उगवल्या, चेंडू सुटला. टुक. टुक. लोटनने दोनचार विटा फोडल्या आणि तो बाजूला झाला.

कुंदा पुढे आली. तिने नॉबवर बोटं ठेवली आणि बराच वेळ फिरवलाच नाही. चेंडू खाली पडला. मग ती स्टूल ओढून बसली.

त्या दिवसापासून लोटनच्या झोपेला तो आवाज लागला. इकडे कूलरचं पाणी ठिबकतंय, वाळ्याचा वास येतोय, बाहेर रस्ता पांढरा होऊन पडलाय आणि भिंतीपलीकडून टुक, टुक. तो अर्धा जागा अर्धा झोपेत असे. कधी वाटे, आपण तळ्याच्या काठाला पडलोय आणि अभिमन पाण्यात खडे टाकतोय. कधी वाटे, आत दोघं बसलीत. भाऊ गेल्यापासून त्याला झोप कशी ती लागत नव्हती; या आवाजात ती लागू लागली. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. भावाची बायको दुःखात खेळत बसलीय आणि आपण घोरतोय, हे काय सांगायचं?

लोटनची बायको बेबाबाई पोरांना घेऊन आखाजीसाठी माहेरी गेली होती. कुंदालाही शिंदखेड्याहून बोलावणं आलं होतं. ती गेली नाही.

३

"पट्टी आधी जाते," कुंदा भिंतीला म्हणाली.

लोटन चहा पीत होता. "आधी म्हणजे?"

"मी फिरवायच्या आधी. उजवीकडे न्यावी असं मनात येईस्तोवर ती गेलेली असते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पोरगं रांगायला लागलं असं सांगावं, तसं ती सांगत होती. लोटनला हसू आलं. नवा कंट्रोल ढिला निघाला असेल, आणखी काय! त्याने मागची फळी काढली, दांडीत दोन थेंब स्पिरिट सोडलं, सोल्डर पुन्हा गरम केलं आणि स्वतः खेळायला बसला. सगळं ठीक चाललं होतं. दुपार जड होती. विटा एकेक करून जात होत्या, त्याचे डोळे मिटायला आले होते, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की चेंडू डावीकडे उतरतोय, पट्टी त्याच्याखाली जाऊन थांबलीय आणि आपला हात तिच्या मागून पोचतोय.

तो ताठ बसला. पुन्हा पाहिलं. पट्टी त्याच्या हाताबरोबर निमूट चालत होती.

उष्णतेने आतला कार्बन फुगतो, त्याने स्वतःला सांगितलं. मेहरूणला व्होल्टेजची बोंब आहेच. दुसऱ्या दिवशी तो दुकानातला स्टॅबिलायझर घेऊन आला आणि कंट्रोलही बदलला, चांगला, जाड दांडीचा. फरक एवढाच पडला की पट्टी आता झोके न खाता सफाईने आधी जाऊ लागली.

"ऱ्हाऊ द्या," कुंदा आईला म्हणाली. "भाऊंना म्हणावं, असंच राहू द्या. मला चालतं."

४

त्या संध्याकाळी नानांनी जेवायला नकार दिला. कुंभाराकडून घागर आणून त्यांनी ओट्यावर ठेवली होती, निराळी, अभिमनची म्हणून. आई चुलीपासून उठून बाहेर आली.

"मी जित्ती शे तोवर तिन्या बांगड्या कोनी फोडाव नही," ती म्हणाली. "पोऱ्या येवाव शे मना."

"येवाव शे ते कथा शे?" नानांनी रिकाम्या रस्त्याकडे हात करून विचारलं. आतून टुक, टुक ऐकू येत होतं.

लोटनला रागच आला. नानांचा नव्हे, आईचा नव्हे, त्या खोक्याचा. एवढी वर्षं तारांत घातली आणि तीन पायांचा एक कंट्रोल आपल्याला नाचवतो! मेकॅनिकचा एक साधा हिशेब असतो: ज्या भागावर संशय, तो भाग काढून बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदा आईबरोबर सांजोऱ्या लाटायला बसली असताना तो मागच्या खोलीत गेला. कंट्रोलच्या तिन्ही तारा कापल्या. कंट्रोल फळ्यात नुसता शोभेला अडकून राहिला. तारांच्या टोकांना त्याने दोन सारखे रेझिस्टन्स जोडून टाकले. आता पट्टी मधोमध खिळली पाहिजे. हलायला तिला कारणच उरलं नव्हतं.

त्याने स्विच दाबला आणि समोर येऊन उभा राहिला, हात पाठीशी बांधून.

पट्टी मधोमध होती. चेंडू सुटला. उजव्या कोपऱ्याकडे उतरू लागला. पट्टी मधोमधच होती. लोटनने सुस्कारा सोडला. आणि मग ती सरकली. घाई न करता, चेंडू येईल तिथे जाऊन थांबली. टुक.

तो पाहत राहिला. घाबरायचं त्याला सुचलंच नाही. चेंडू पुन्हा पुन्हा डाव्या कडेला जात होता, एकाच जागी विटा फोडत होता, आणि तिथे एक बोळ पडत चालली होती. जत्रेत पोरं अंदाधुंद खेळायची, जी वीट दिसेल ती फोडायची. डाव्या कडेने बोळ पाडून चेंडू विटांच्या माथ्यावर चढवायचा आणि मग नॉब सोडून, हात खिशात घालून, वरच्या वर तो खडखडत विटा खातोय ते बघत हसत राहायचं, ही एकट्या अभिमनची रीत होती.

बोळ पडली. चेंडू वर गेला. पट्टी थांबली.

लोटनने स्विच बंद केला. व्होल्टेज, तो मनात म्हणाला. मग म्हणाला, दुसरं काय असणार? ओट्यावर येऊन तो उन्हात पाय सोडून बसला.

५

आखाजीच्या आदल्या दुपारी त्याने ठरवलं, की हे खोकं बंदच करून टाकायचं. आत हात घालून मेनची तार तोडायची आणि आईला सांगायचं, नळी गेली. कंट्रोलच्या तारा कापलेल्याच होत्या, तरी कुंदा खेळत होती. तो खोकं उघडायला आला हे पाहून ती उठून दाराशी गेली.

स्विच बंद करून, मागची फळी काढून तो आत वाकला. नळीच्या मागे धुळीचा गरम वास होता. पक्कड पुढे केली आणि तेवढ्यात लाइट गेली.

कूलर थांबला. पंखा थांबला. सगळ्या गल्लीचा आवाज गेला आणि मेहरूणच्या रस्त्यावर कुठेतरी एक सायकल लांब निघून गेली, तेवढंच ऐकू आलं. खिडकीवर ओलं पोतं लावलेलं, त्यामुळे खोलीत हिरवट अंधार होता. खोक्याच्या आत तर काहीच दिसत नव्हतं. आणि त्या काहीच न दिसणाऱ्या जागेतून नॉब फिरल्याचा आवाज आला. कंट्रोलची दांडी वळताना होतो तो, बारीक, रेशमी.

"कुंदा, हात काढ," तो म्हणाला.

"मी इथे आहे, भाऊ," कुंदा म्हणाली. ती दारातच होती.

त्याने पक्कड खाली ठेवली. का ते त्याला नंतरही सांगता आलं नाही, पण त्याने हात मागे घेण्याऐवजी पुढे घातला, चाचपत, कंट्रोलपर्यंत. कंट्रोलवर बोटं होती.

ती तापलेली होती आणि कोरडी. कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटत होती. लोटन ओरडला नाही. त्या बोटांनी त्याचं एक बोट धरलं. अभिमन लहान असताना रस्ता ओलांडायला असंच धरायचा, सगळा हात नाही, नुसतं एक बोट. लोटनला इतकी माया वाटली, की भीतीला जागाच राहिली नाही.

मग त्या हाताने त्याचं बोट सोडलं. तळवा वर झाला. बोटं मिटत, जवळ येत, खोलगट झाली आणि तशीच त्याच्या हाताखाली धरून राहिली. पाणपोईवर माणूस ओंजळ धरतो, तशी.

लाइट आली. आत तारा होत्या, धूळ होती, त्याचा स्वतःचा हात होता.

त्याने मेनची तार तोडली नाही. रेझिस्टन्स काढून कंट्रोलच्या तिन्ही तारा जशा होत्या तशा जोडल्या, फळी लावली आणि मोरीत जाऊन खूप वेळ हातांवर पाणी घेत राहिला. अभिमन मेला, हे आता त्याला ठाऊक होतं. घरात दुसऱ्या कोणाला ते कळू द्यायचं नव्हतं. कळलं की उद्या सकाळीच कुंदाच्या बांगड्या फुटणार. पण अभिमन तिथे घसा कोरडा करून उभा आहे, हेही ठाऊक असताना गप्प कसं बसायचं?

६

रात्रीच त्याने नानांना सांगितलं, की यंदा अभिमनची घागर नको, आणखी एक वर्ष वाट पाहू. नानांनी वाद घातला नाही. सकाळी मात्र ते पूजेला बसेनात. "तूच कर," ते म्हणाले आणि ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून, पाठ फिरवून बसले.

लोटन उंबरठ्याशी बसला. पितरांची घागर भरली. तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. मग त्यांच्या घरच्या रीतीने कुंकवात बोट बुडवून, एकेका पितराचं नाव घेत, उंबरठ्यावर एकेक रेघ ओढायची. पणजोबा, आजोबा, आजी, मोठे काका. आई मागून नावं आठवून देत होती. नावं संपली. आई नैवेद्य आणायला आत वळली.

लोटनने बोट पुन्हा कुंकवात बुडवलं. ओठ मिटलेले ठेवले आणि आणखी एक रेघ ओढली. घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्यावर सोडलं. ते लाकडात इतक्या चटकन मुरलं, की ओल म्हणून राहिली नाही. त्याने आणखी एक ओंजळ सोडली, आणखी एक. तिसऱ्या ओंजळीला पाणी उंबरठ्यावर थांबलं आणि हळूच ओघळून बाहेर गेलं.

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. भावाला पाणी मिळालं आणि भावजयीचं कुंकूही राहिलं. एवढं चोख काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं. दुपारी तो पोटभर जेवला. गल्लीत निंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणी गात होत्या, ओट्या-ओट्यावर पत्ते रंगले होते. आखाजीला पत्ते खेळले तर बायकाही बोलत नाहीत. लोटन एका डावात बसला, हरला आणि उगाच मोठ्याने हसला.

घरी येऊन सतरंजीवर पडला. कूलर चालू होता. भिंतीपलीकडून टुक झालं. मग चेंडू हुकल्यावर येतो तो लांब, खाली खाली जाणारा आवाज. पुन्हा एकदा टुक, पुन्हा तोच आवाज. लोटन डोळे उघडे ठेवून ऐकत राहिला. झोप काही आली नाही.

७

कुंदा स्टुलावर बसली होती. तो दारात आल्याचं तिला कळलं, पण तिने पदर ओढला नाही. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता.

"पट्टी आता माझ्या हाताबरोबर चालते," ती म्हणाली. भिंतीला नाही, त्याला.

"बरं झालं की," लोटन म्हणाला. "कंट्रोल बसला असेल."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तिचे डोळे नीट पाहिले नव्हते.

"सकाळी कोणाच्या नावाने पाणी सोडलंत, भाऊ?"

लोटनला वाटलं, हिला तरी खरं कळायला हवं, हिच्यासाठीच तर केलं. "तोंडाने नाव घेतलं नाही मी," तो म्हणाला. "कोणाला कळणार नाही. तुझं कुंकू राहावं म्हणून..."

"कुंकू?" कुंदा म्हणाली. "कुंकवाचं काय घेऊन बसलात? नानांना म्हणावं, आजच पुसा. मला काय करायचंय त्याचं?" तिचा आवाज चढला आणि एकदम बसला. "तो इथे होता ना. रोज दुपारी होता. पाणी मिळालं की माणूस जातो, हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्यापुढेही ओंजळ धरायचा. पहिल्या दिवसापासून धरायचा. मी दिलं नाही."

लोटन दारातून आत आला. "तहानलेला होता तो, कुंदा."

"होता," ती म्हणाली. "तहानलेला होता, पण माझ्याजवळ होता."

बाहेरून आईने हाक मारली, "कुंदा, ये व, झोक्यावर बायका बलाई राह्यन्यात!" कुंदा उठली. खुंटीजवळच्या आरशात पाहून तिने विस्कटलेलं कुंकू बोटाने सारखं केलं, पदर डोक्यावर घेतला, आणि लोटनच्या बाजूने, त्याच्याकडे न बघता, निघून गेली. थोड्या वेळाने झोक्यावरून हसण्याचा आवाज आला. त्यात तिचाही असावा.

लोटन स्टुलावर बसला. नॉब फिरवला, पट्टी सरकली. थांबवला, थांबली. इतका नेक कंट्रोल त्याने कधी बसवला नव्हता. त्याने चेंडू सोडला आणि हात मांडीवर ठेवून पट्टीकडे पाहत राहिला. चेंडू तिच्या बाजूने खाली गेला. त्याने दुसरा सोडला, मग तिसरा. मागच्या खोलीतलं ऊन उतरत गेलं, आणि हात मांडीवरच ठेवून पट्टीकडे पाहता पाहता लोटनच्या मनात पहिल्यांदा आलं, की पाणी द्यायला नको होतं.